निवृत्त विमानं कुठे आहेत, कशी आहेत: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ, चाळीसगाव, शिरपूर इथून विमानप्रेमी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नव्यांसाठी आहेत. ज्यांच्या वहीत आधीच नोंदी आहेत त्यांनी थेट पाचव्या प्रश्नापासून वाचलं तरी चालेल.

१. विमान उडायचं थांबलं म्हणजे ते निवृत्त झालं का?

नाही. विमान जमिनीवर उभं असण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि नोंद करताना ती वेगळी ठेवावीच लागतात. काही विमानं साठवलेली असतात: इंजिनांची तोंडं झाकलेली, काचांवर आवरण, पुन्हा उडवायची शक्यता कायम. काही सेवेतून काढलेली असतात, पण त्यांचं पुढे काय करायचं हे ठरलेलं नसतं. काही जतन केलेली असतात, म्हणजे संग्रहालयात, चौकात किंवा छावणीच्या प्रवेशद्वाराशी चौथऱ्यावर उभी. काही इंजिनीअरिंग कॉलेजात किंवा तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणकेंद्रात शिकण्यासाठी दिलेली असतात. काही बेवारस पडलेली असतात (प्रश्न १३ पाहा) आणि काही भंगारात गेलेली.

एकच विमान या सगळ्या पायऱ्या उतरू शकतं, म्हणून नुसतं "निवृत्त" लिहून कुणाला काही कळत नाही. अवस्था आणि तारीख, दोन्ही लिहा.

२. पण हे सगळं टिपून ठेवायचं कशासाठी? सरकारकडे नोंदी असतीलच ना?

सेवेत असेपर्यंत विमानाच्या प्रत्येक तासाची नोंद होते. सेवेतून काढलं, एखाद्या संस्थेला दिलं, की तो कागद तिथे थांबतो. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत ते विमान कुणी रंगवलं, कुठे हलवलं, त्याचा पंख कधी निखळला हे जवळून जाणाऱ्या माणसालाच दिसतं.

आपल्या भागाला तर याचं वेगळं महत्त्व आहे. मिग-२१ हवाई दलात १९६३ मध्ये आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला समारंभपूर्वक निवृत्त झालं. भारताने वापरलेल्या मिग-२१पैकी साडेसहाशेहून अधिक विमानं हिंदुस्थान एरोनॉटिक्सने, म्हणजे एचएएलने, देशात बांधली आणि त्यांची अखेरची जुळणी ओझरच्या कारखान्यात झाली. धुळ्याहून मालेगाव, चांदवड, पिंपळगाव ओलांडलं की ओझर येतं. आपल्या शेजारी बांधलेली ही विमानं आज देशभर चौकाचौकांत उभी आहेत. त्यातलं कुठलं कुठे गेलं हे आपणच लिहून ठेवायला हवं.

३. खान्देशातून जवळात जवळ जुनी विमानं कुठे बघायला मिळतील?

ओझर सगळ्यात जवळ, पण तो एचएएलचा कारखाना आणि हवाई दलाचा दुरुस्ती तळ (११ बेस रिपेअर डेपो) आहे. तिथे वाटेल तेव्हा आत जाता येत नाही आणि कुंपणावरून फोटो काढायचे नाहीत (प्रश्न ९).

सहज बघता येण्यासारखं म्हणजे मुंबईत वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र. तिथे एचएफ-२४ मारुत आहे. जर्मन अभियंते कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली भारतात आखलेलं आणि बांधलेलं हे लढाऊ जेट १७ जून १९६१ रोजी पहिल्यांदा उडालं. एकूण १४७ बांधली गेली. मुंबईला गेलात तर हे चुकवू नका.

गोव्याला जाणार असाल तर दाबोळीजवळ बोगमाळो रस्त्यावर नौदलाचं हवाई संग्रहालय आहे: सी हॉक, अलीझे, सी हॅरियर आणि चार इंजिनांचं सुपर कॉन्स्टेलेशन. दिल्लीत पालमचं हवाई दल संग्रहालय, बंगळुरूत एचएएलचं हेरिटेज सेंटर आणि चंदीगडला २०२३ मध्ये उघडलेलं हवाई दल वारसा केंद्र ही पुढची ठिकाणं.

खुद्द खान्देशात जळगावच्या विमानतळावर, धुळ्याला गोंदूरच्या धावपट्टीवर आणि शिरपूरला वैमानिक प्रशिक्षणाची लहान विमानं उडतात. ती चालू विमानं आहेत, तरी त्यांचे नंबर आजच टिपून ठेवा. आणखी वीस वर्षांनी कुणीतरी तेच शोधत असेल.

४. विमानाचा नंबर कुठे असतो आणि तो वाचायचा कसा?

नागरी विमानाचा नंबर शेपटीच्या अलीकडे धडाच्या दोन्ही बाजूंना आणि पंखाखाली लिहिलेला असतो. भारतीय विमान असेल तर सुरुवात "व्हीटी" अशी आणि पुढे तीन अक्षरं. लष्करी विमानाचा क्रमांक धडाच्या मागच्या भागावर असतो. त्यातल्या सुरुवातीच्या अक्षरांवरून प्रकार कळतो: मिग-२१ला "सी", त्याच्या सुधारित बायसन आवृत्तीला "सीयू", मिग-२७ला "टीएस" आणि सुधारित असल्यास "टीयू", मिग-२३ बीएनला "एसएम". हंटरवर "बीए" किंवा नुसतं "ए", मारुतवर "बीडी" किंवा "डी", नॅटवर "आयई" किंवा "ई" सापडतं.

याखेरीज बांधणी क्रमांक असतो. कारखान्याने विमान बांधताना दिलेला हा क्रमांक मालक बदलला, देश बदलला तरी बदलत नाही. तो धातूच्या छोट्या पट्टीवर ठोकलेला असतो. ही पट्टी कॉकपिटमध्ये, चाकं आत ओढली जातात त्या खोबणीत किंवा एखाद्या झाकणाच्या आतल्या बाजूला सापडू शकते. परवानगी घेऊन जवळ जायला मिळालं तर टॉर्च घेऊन आधी चाकांच्या खोबणीत बघा. तिथपर्यंत रंगाऱ्याचा ब्रश सहसा पोहोचत नाही.

५. शेपटीवर लिहिलेला नंबर खराच आहे असं धरायचं का?

जतन केलेल्या विमानाच्या बाबतीत धरू नका. सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो.

हवाई दलाच्या वारसा ताफ्यातलं डाकोटा हे जुनं वाहतूक विमान घ्या. त्यावर व्हीपी ९०५ लिहिलेलं आहे. ऑक्टोबर १९४७ मध्ये शीख रेजिमेंटचे जवान श्रीनगरला उतरवणाऱ्या डाकोटांपैकी एकाचा तो क्रमांक. आज उडणारं विमान मात्र वेगळं आहे. ते ब्रिटनमध्ये जी-एएमएसव्ही या नावाने नोंदलेलं होतं, राजीव चंद्रशेखर यांनी ते घेऊन, दुरुस्त करवून २०१८ मध्ये हवाई दलाला भेट दिलं आणि त्याला "परशुराम" नाव मिळालं. यात फसवणूक काहीच नाही, तो क्रमांक आदराने दिलेला आहे. पण तुमच्या वहीत दोन रकाने हवेत: "अंगावर लिहिलेला क्रमांक" आणि "मूळ ओळख".

चौकातल्या विमानांवर कारणं याहून साधी असतात. रंगाऱ्याने जुना आकडा नीट दिसला नाही म्हणून तीनचा आठ केला. कुणी युनिटच्या स्थापनेचं वर्षच क्रमांक म्हणून लिहिलं. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरा क्रमांक, असंही आढळतं. म्हणून दोन्ही बाजू बघितल्याशिवाय क्रमांक पक्का धरू नका. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी ऊन तिरपं असताना नव्या रंगाखालचा जुना आकडा उठावासारखा दिसतो. त्या वेळी काढलेला एक फोटो दुपारच्या दहा फोटोंपेक्षा जास्त सांगतो.

६. नंबर पूर्ण पुसला गेलाय. "मिग-२१ आहे" एवढंच माहीत आहे. नेमका प्रकार कसा ओळखू?

चार ठिकाणी बघा.

नाकावरची लांब नळी (पिटो) आधी बघा. एफएल प्रकारात ती नाकाच्या वर मधोमध असते. नंतरच्या एम आणि बिस प्रकारांत ती वैमानिकाच्या उजव्या हाताला सरकलेली असते. मग पाठ बघा, म्हणजे कॉकपिटपासून शेपटीपर्यंत जाणारा कणा. एफएलचा बारीक, एमचा जाड, बिसचा सगळ्यात फुगीर. तिसरं, पंखाखाली शस्त्रं अडकवायच्या जागा. एफएलला प्रत्येक पंखाखाली एक, पुढच्यांना दोन. चौथं म्हणजे तोफ. एफएलच्या पोटात तोफ नव्हती, गरज पडली की खाली वेगळा तोफेचा डबा लावत. एम आणि बिसला दुनळी तोफ पोटातच बसवलेली होती. ती काढून टाकलेली असली तरी खाच राहते.

बायसन ओळखायला समोरची काच बघा. जुन्या मिगला तिथे जाड चौकट आहे, बायसनला सलग एकच काच.

मिग-२३ बीएन आणि मिग-२७ यांची गफलत फार होते, कारण दोघांचं नाक उतरतं आणि पंख पुढे-मागे होणारे. बाजूच्या हवेच्या तोंडांकडे (इंजिनात हवा जाते त्या) बघा: मिग-२३ला तिथे मोठी हलती फळी असते, मिग-२७ची तोंडं साधी आणि स्थिर. मिग-२७च्या पोटाखाली सहा नळ्यांची ३० मिलिमीटरची तोफ असे. बीएन २००९ मध्ये निवृत्त झालं, मिग-२७ डिसेंबर २०१९ मध्ये जोधपूरहून.

७. "स्थिती" या रकान्यात काय लिहायचं? मी "बरी आहे" असं लिहितो, ते चालेल का?

चालणार नाही, कारण पाच वर्षांनी तुम्हाला स्वतःलाच कळणार नाही की तेव्हा "बरी" म्हणजे काय होतं. जे दिसलं तेच लिहा.

मी विमानाला पुढून डावीकडून एक फेरी मारतो आणि याच क्रमाने लिहितो. कॅनोपीची (कॉकपिटवरच्या झाकणाची) काच: स्वच्छ, पिवळी पडलेली, बारीक रेषांनी भरलेली की फुटलेली. हवेचं तोंड: जाळी किंवा झाकण आहे का, आत काय आहे. झाकण नसेल तर आत कबुतरांची काटकी-घरटी, विष्ठेचा थर, पावसाळ्यानंतर साचलेलं पाणी सापडतं आणि हे सगळं पत्र्यावरच बसून असतं. कबुतरांची विष्ठा आम्लधर्मी असते, ती रंग खाते आणि मग ॲल्युमिनियम.

नंतर पोटाखाली वाका. विमानाच्या पोटाला पाणी निथळण्यासाठी लहान भोकं ठेवलेली असतात. चौथऱ्यावरच्या विमानांत ती धूळ आणि रंगाने बुजतात, आतलं पाणी कुठेच जात नाही आणि पत्रा आतून कुजतो. त्या भोकांभोवती पांढरी भुकटी दिसली, रंगाला फोड दिसले किंवा पत्र्याचे पापुद्रे सुटताना दिसले तर ते स्पष्ट लिहा. बाहेरून चकचकीत रंगवलेलं विमान आतून संपलेलं असतं ते असंच.

चाकांकडे बघा: टायर चिरलेत का, वजन टायरवर आहे की जॅकवर. स्टीलच्या खांबावर बसवलं असेल तर जिथे स्टील आणि ॲल्युमिनियम भिडतात ती जागा बघा. दोन वेगळे धातू आणि मध्ये ओल म्हणजे तिथे गंज इतरांपेक्षा लवकर येतो. शेवटी काय काय नाही ते लिहा: पिटो नळी, पंखांची टोकं, कॉकपिटमधली घड्याळं.

एवढं लिहिल्यावर शेरा द्यायचा असेल तर चांगली, मध्यम, वाईट, अवशेष हे चार पुरेत.

८. आपल्या हवेत विमान उघड्यावर किती टिकतं? कोरडी हवा विमानाला चांगली म्हणतात ना?

कोरडी हवा चांगलीच. अमेरिकेत ॲरिझोनातल्या टूसान शहराजवळ लष्कराची हजारो विमानं वर्षानुवर्षं उघड्यावर ठेवलेली असतात ती त्याचमुळे: पाऊस कमी, दमटपणा कमी आणि जमीन इतकी टणक की फरसबंदी न करता विमानं उभी करता येतात.

आपल्याकडे आठ महिने हवा कोरडी, पण मध्ये पावसाळा येतो आणि जमीन काळी. ही काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हातभर खोल भेगा पडतात. कपाशीला ती उत्तम, पण चौथऱ्याचा पाया उथळ घेतला तर दोन-चार वर्षांत तो एका बाजूला कलतो. खांबावर बसवलेल्या विमानाला थोडंसं कलणंसुद्धा घातक, कारण सगळं वजन एका जोडावर येतं. पाया मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेला की नाही, हे बांधकाम सुरू असतानाच विचारायला हवं.

उन्हाचा त्रास वेगळा. जळगाव-भुसावळचा मे महिना पंचेचाळीसच्या आसपास जातो. काचेला तडे जातात, टायर चिरतात, स्वस्त इनॅमल रंग पांढरा पडून हाताला लागतो. नेमकी किती वर्षं टिकेल ते देखभालीवर आहे. दर पावसाळ्याआधी निथळभोकं मोकळी केली, तोंडं झाकली आणि पक्ष्यांना आत जाऊ दिलं नाही, तर उघड्यावरचं विमानसुद्धा काही दशकं उभं राहतं.

९. फोटो काढले तर पोलीस पकडतील का? ड्रोन चालेल का?

सार्वजनिक चौकात, बागेत, विज्ञान केंद्रात ठेवलेल्या विमानाचे फोटो काढायला अडचण नसते. संग्रहालयात त्यांचे नियम विचारा.

लष्करी छावणी, हवाई तळ, ओझरचा कारखाना, आयुधनिर्माणी इथे कॅमेरा बाहेर काढू नका, प्रवेशद्वारावरचं विमान रस्त्यावरून स्पष्ट दिसत असलं तरी. १९२३ चा शासकीय गुपितं कायदा अशा प्रतिबंधित जागांना लागू होतो. पहारेकऱ्याला विचारा, त्याने नाही म्हटलं तर पुढे जा. पाहून वहीत लिहिलेली नोंदसुद्धा नोंदच असते.

ड्रोनसाठी २०२१ चे नियम आहेत. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे दाखवलेले आहेत. विमानतळ आणि लष्करी जागांच्या आसपास तो नकाशा न बघता ड्रोन उडवणं म्हणजे गुन्हा ओढवून घेणं आहे.

१०. फोटो नेमके कसे काढायचे म्हणजे उपयोगी पडतील?

दोन्ही बाजू पूर्ण, क्रमांक जवळून, नाक समोरून आणि एक फोटो असा की मागची इमारत, पाटी किंवा झाड दिसेल. हा शेवटचा फोटो लोक विसरतात. विमान पुढे हलवलं गेलं तर ते तेव्हा नक्की कुठे होतं हे त्यावरूनच ठरतं. मोबाइलमधली तारीख बरोबर आहे ना ते आधी तपासा. मूळ फाइल जपून ठेवा, कारण व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या फोटोतली तारीख आणि ठिकाण निघून जातं.

११. उपग्रहाच्या चित्रात काहीतरी विमानासारखं दिसतंय. खरंच विमान आहे का, कसं ठरवू?

मोजपट्टी लावा. गुगल अर्थमध्ये लांबी मोजता येते. मिग-२१चे पंख टोकापासून टोकापर्यंत जेमतेम ७ मीटर, आकार त्रिकोणी. नॅटचे ६.७ मीटरच्या आसपास आणि धड जेमतेम ९ मीटर, म्हणजे फारच चिमुकलं. मारुत ९ मीटर, हंटर १०.३, कॅनबेरा साडेएकोणीस. डाकोटा आणि एएन-३२ दोन्ही २९ मीटरच्या घरात, तेव्हा त्यांच्यात धडाच्या लांबीवरून फरक करा: डाकोटा साधारण २० मीटर, एएन-३२ पावणेचोवीस.

सावली बघायला विसरू नका. उभ्या शेपटीची सावली पडत नसेल तर ते विमान नसून जमिनीवर काढलेलं चित्र किंवा शेड असू शकतं. जुन्या तारखांची चित्रंही उघडा. विमान कधी आलं, कधी गेलं याची दोन टोकं तिथे मिळतात: "मार्चमध्ये दिसतं, पुढच्या जानेवारीत नाही" हीसुद्धा पक्की नोंद आहे. लष्करी तळांवरच्या अशा निरीक्षणांचा मात्र जाहीर बोभाटा करू नका.

१२. फ्लाइटरडारवर एक विमान महिनोन्‌महिने दिसत नाही. ते भंगारात गेलं असं समजायचं का?

घाई नको. ही ॲपं विमानाच्या ट्रान्सपॉन्डरचा, म्हणजे विमानाची ओळख सांगणाऱ्या रेडिओ यंत्राचा, संकेत पकडतात. विमान उभं असेल तर संकेत नाही, बस एवढंच त्यातून कळतं.

दुसरी शक्यता म्हणजे विमानाने नाव बदललं. प्रत्येक विमानाला २४ बिटांचा एक संकेतांक असतो आणि तो देशाच्या नोंदणीला बांधलेला असतो. भारताचा गट ८०००००पासून सुरू होऊन ८३एफएफएफएफला संपतो. विमान परदेशी विकलं की व्हीटी नाव जातं, संकेतांकही बदलतो आणि ॲपवर जुन्या नावाने ते पुन्हा कधीच दिसत नाही. मग बांधणी क्रमांकावरूनच माग काढावा लागतो (प्रश्न ४).

तिसरी शक्यता कोर्टाची. गो फर्स्ट या विमान कंपनीने मे २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि तिची भाड्याची विमानं जागच्या जागी अडकली. एप्रिल २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला ५४ विमानांची नोंदणी रद्द करायला सांगितलं, तेव्हा ती मालकांना परत नेता आली. नोंदणी रद्द होणं आणि विमान संपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१३. बेवारस विमान म्हणजे काय? विमान कुणी विसरू शकतं का?

शकतं. नागपूरला १९९१ मध्ये कॉन्टिनेंटल एव्हिएशनचं बोइंग ७२० (व्हीटी-ईआरएस) इंजिनाच्या बिघाडामुळे उतरलं आणि पुन्हा उडालंच नाही. धावपट्टीजवळ उभं राहून राहून ते २०१५ मध्ये बाजूला हलवलं गेलं. एका अख्ख्या पिढीने नागपूरला उतरताना ते खिडकीतून पाहिलं आहे. त्या वर्षांतला फोटो कुणाच्या घरी अल्बमात असेल तर तो स्कॅन करून ठेवा.

कोलकात्याचं उदाहरण अलीकडचं. एअर इंडियाचं बोइंग ७३७-२०० (व्हीटी-ईएचएच) २०१२ पासून विमानतळावर उभं होतं. मधल्या काळात कंपनीचे कागद आणि मालक बदलले आणि विमान नजरेतून सुटलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये ते रस्त्याने बंगळुरूला नेलं, तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणासाठी.

१४. आमच्या शहरातलं/कॉलेजातलं विमान आता जागेवर नाही. कुठे गेलं कसं शोधू?

सगळ्यात आधी "अमुक तारखेला जागेवर नाही" हे लिहा. न दिसल्याची नोंद लोक करत नाहीत आणि मग यादीत ते विमान वीस वर्षं उभंच राहतं.

मग विचारपूस. शेजारचा चहावाला, वॉचमन, कॉलेजचा शिपाई यांना आठवत असतं की क्रेन कोणत्या महिन्यात आली. पंख वेगळे करून ट्रेलरवर चढवले असतील तर ते बहुधा दुसरीकडे बसवायला नेलं. जागेवरच गॅस कटरने कापलं असेल तर भंगार. जमिनीवर कापल्याचे काळे डाग आणि रिव्हेट सापडतात. सरकारी संस्थांचं भंगार बहुतेक वेळा एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावातून जातं आणि लिलावाच्या तपशिलात वस्तूचं वर्णन असतं. संस्थेला माहिती अधिकाराखाली अर्ज करता येतो. प्रश्न नेमका विचारा: कोणत्या तारखेला, कोणाच्या आदेशाने, कोणाकडे सोपवलं.

१५. आमच्या शाळेला किंवा नगरपालिकेला हवाई दलाकडून विमान मिळेल का?

संस्था आणि राज्य सरकारं यांना निवृत्त विमानं दिली जातात. अर्ज हवाई दल मुख्यालयाकडे, म्हणजे संरक्षण मंत्रालयाच्या व्यवस्थेतून जातो आणि संस्थेचा हेतू, जागा, देखभालीची तयारी विचारात घेतली जाते. विमानातून शस्त्रं, स्फोटक भाग आणि वापरता येण्याजोगी यंत्रं काढूनच ते मिळतं.

मनापासून सांगतो: मिळवण्याआधी खर्चाचा हिशेब मांडा. वाहतूक, क्रेन, चौथरा (काळ्या मातीसाठी प्रश्न ८) आणि त्यापुढे दर दोन-तीन वर्षांनी रंग, दर वर्षी सफाई. उद्घाटनाला पैसा जमतो, दहाव्या वर्षी रंगाला जमत नाही. ज्या गावात देखभालीसाठी नाव आणि रक्कम आधी ठरवली नाही, तिथे विमान न आणणं बरं. ते दुसरीकडे छपराखाली तरी राहील.

१६. "भाऊ, जुनं इमान इकत लेता येई का?"

नागरी विमानाचा सांगाडा लिलावात किंवा भंगार व्यापाऱ्याकडून घेता येतो आणि काही जण त्याचं हॉटेल करतातही. लष्करी विमान असं खासगी माणसाला सरळ विकत मिळत नाही. ते प्रश्न १५ मधल्या वाटेने संस्थेलाच मिळतं. घेतलंत तर विक्रीचा कागद, बांधणी क्रमांक आणि आधीच्या मालकाचं नाव फाइलला लावा. त्या पट्टीवरचा क्रमांक घासून काढू देऊ नका.

१७. मुलांना कॉकपिटमध्ये बसवून फोटो काढायला हरकत नाही ना?

ज्या विमानाची तपासणी झाल्याचं संस्थेने सांगितलं नाही, त्यात बसवू नका. लढाऊ विमानाचं आसन वैमानिकाला बाहेर फेकण्यासाठी स्फोटकांवर चालतं. ती काढलेली असायला हवीत, पण "असायला हवीत" यावर मूल बसवायचं नाही.

दुसरा धोका दिसत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आणि त्यानंतरच्या काही वर्षांच्या विमानांत अंधारात चमकणारी घड्याळं रेडियमच्या रंगाने रंगवत. आज ती चमकत नाहीत, कारण चमकणारा पदार्थ खराब झाला. रेडियम मात्र तसंच आहे, त्याचं अर्धायुष्य १६०० वर्षं. अशा घड्याळाची काच फुटली असेल तर हात लावू नका. घरी तर मुळीच आणू नका.

१८. भारतीय विमान परदेशात जतन केलेलं असेल तर ते आपल्या यादीत घ्यायचं का?

जरूर घ्या, कारण काही बाबतीत तीच शेवटची उरली आहेत. मारुतपैकी एक म्युनिकजवळ श्लाइसहाइमला, जर्मन संग्रहालयाच्या विमान विभागात आहे. कुर्ट टँक यांच्या देशात ते योग्यच ठिकाणी गेलं. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानात पसरूरला उतरलेलं आपलं नॅट आयई १०८३ कराचीच्या हवाई दल संग्रहालयात आहे.

लिबरेटरची कथा तर प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक असावी. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश-अमेरिकनांनी कानपूरला मोडून टाकलेली ही चार इंजिनांची बॉम्बफेकी विमानं एचएएलच्या लोकांनी दुरुस्त करून बंगळुरूला नेली. चाळीसच्या आसपास विमानं हवाई दलाला मिळाली. पुण्याच्या लोहगाववरून ६ स्क्वाड्रनने ती १९६८ पर्यंत उडवली. जगात इतरत्र लिबरेटर जवळजवळ संपली होती. म्हणून ॲरिझोनाच्या पिमा संग्रहालयातलं आणि ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममधलं लिबरेटर भारतातून गेलेलं आहे. एक, एचई ९२४, पालमला आहे.

१९. एक पंख एका विमानाचा, धड दुसऱ्याचं, अशी नोंद कुणाच्या नावावर करायची?

धडाच्या. कॉकपिट आणि मधला भाग ज्या विमानाचा, ती ओळख मुख्य. पंख, शेपटी, कॅनोपी यांवर वेगळे क्रमांक सापडले तर ते शेऱ्यात लिहा. नुसतं पुढचं टोक, म्हणजे नाक आणि कॉकपिटच जतन केलेलं असेल तरी त्या विमानाची नोंद चालू ठेवायची, "फक्त पुढचा भाग" असं लिहून.

२०. माझे वडील ओझरला कारखान्यात होते. त्यांनी बांधलेलं एखादं विमान आज कुठे उभं आहे, शोधता येईल का?

बऱ्याचदा येतं. वडिलांना विचारून ठेवायच्या गोष्टी: कोणत्या साली, कोणत्या विभागात, कोणता प्रकार (एफएल, एम, बिस की मिग-२७). साल आणि प्रकार कळला की क्रमांकांचा पट्टा अरुंद होतो, कारण ते साधारण बांधणीच्या क्रमानेच दिले गेले. मग त्या पट्ट्यातली जतन झालेली विमानं शोधायची. निरोप समारंभाचा फोटो, सेवेची डायरी, कारखान्याचं ओळखपत्र, विमानासमोरचा गटाचा फोटो यांपैकी काहीही असेल तर मागची बाजूसुद्धा स्कॅन करा. पेन्सिलने लिहिलेली तारीख किंवा विमानाचा क्रमांक तिथेच सापडतो.

वडील हयात असतील तर आधी त्यांच्याशी बोला, कागद नंतर शोधता येतील. बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ते ज्या हत्याराचं, ज्या भागाचं नाव घेतील ते जसंच्या तसं लिहा, कारखान्यात ज्या उच्चाराने म्हणत असत त्याच उच्चाराने.